ताप गेला, बाकी सगळं राहिलं

आमच्या घरात ताप आला तेव्हा तो सगळ्यांना सारखाच आला होता, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करून ठेवतो. नाहीतर पुढे लोक जे काही बोलले त्यावरून असं वाटायचं, की मी तो कुठून तरी मागवून घेतला आणि परत करायला विसरलो. सोमवारी मला, मंगळवारी बायकोला, बुधवारी सासूबाईंना. मुलगी परगावी असते, म्हणून वाचली. "व्हायरल आहे, पाच दिवसांत जाईल," असं दवाखान्यात सांगितलं आणि तो खरंच पाच दिवसांत गेला. सासूबाईंचा तर तिसऱ्याच दिवशी गेला. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. चौथ्या दिवशी त्या स्टुलावर चढून खिडकीचे पडदे काढत होत्या आणि मी पलंगावरून त्यांना "आई, पडाल!" म्हणत होतो. त्यांना ते ऐकू गेलं नाही. बायको त्याच्याही आधी उठली होती. म्हणजे ती आडवी कधी झाली होती, हेच मला नीट आठवत नाही.

तर ताप गेला. मागे एक खोकला राहिला, एक थकवा राहिला आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं काहीतरी राहिलं. एक आठवडा झाला, दोन झाले, सहा झाले. लोक आधी "कसं आहे?" विचारायचे, मग "अजून आहे?" विचारायला लागले आणि शेवटी नुसतेच बघायला लागले. दीड महिना खोकणाऱ्या माणसाकडे समाज ज्या नजरेने बघतो, ती नजर सहन करायला छाती लागते, आणि माझी छाती तर आधीच खोकल्यात गुंतलेली.

इतर कुणाचं निभावून गेलं असतं. माझा धंदाच आवाजाचा. मी बसस्थानकावरचा निवेदक. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे तुम्ही कधी ऐकलं असेल, तर मी म्हणतो तसलंच ते वाक्य. बावीस वर्षं मी ते म्हणतोय. माझ्या आवाजावर गाड्या सुटतात, निदान सुटायला हव्यात. घरी सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण त्यांना माझं बोलणं कायम पहिल्या फटक्यात कळायचं. "या घरात स्पष्ट बोलणारे एकटे जावईबापू," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. तापानंतर माझ्या घशातून जो काही आवाज निघायला लागला, तो त्यांच्यापर्यंत पोहोचेना. दोन दिवस वाट पाहून त्यांनी बायकोला मोठ्यांदा विचारलं, "जावईबापू रुसलेत का गं?"

कामावर मी सातव्या दिवशीच रुजू झालो होतो. माझ्याशिवाय स्थानक बंद पडेल अशी माझी समजूत होती. स्थानक व्यवस्थित चालू होतं, हे पाहून थोडं वाईटही वाटलं. सहा आठवडे मी गोळ्या चघळत, कोमट पाण्याची बाटली पायाशी ठेवून रेटलं. आणि मग एका सकाळी, ऐन गर्दीत, मी माइक सुरू केला आणि म्हणालो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..."

पुढचं काही आठवेना. गाडी कुठे जाते, कुठून आली, कितीची आहे, काहीच नाही. समोर कागद होता. कागदावरची अक्षरं दिसत होती. ती अक्षरं म्हणजे गाव, एवढा शेवटचा सांधा मात्र जुळत नव्हता. फलाट चारवरचे लोक श्वास रोखून उभे राहिले. शेवटी काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी वाक्य पूर्ण केलं: "...उभी आहे."

यात खोटं काही नव्हतं. माहिती म्हणून ते जरा अपुरं होतं, इतकंच. पण त्यानंतर मला जी खोकल्याची उबळ आली ती माइक चालू असताना आली आणि आठही फलाटांवर पोहोचली. गाडीत बसलेली निम्मी माणसं सामान घेऊन खाली उतरली. गाडीत काहीतरी पसरलंय अशी त्यांची समजूत झाली म्हणे.

डेपोचे साहेब माणूस म्हणून फार चांगले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं, खोकला संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हणाले, "आवाज येईपर्यंत तुम्ही 'हरवले-सापडले'च्या खोलीत बसा. तिथे बोलायला लागत नाही. छत्र्याच असतात जास्त करून. फक्त आस्थापना विभागातून एक कागद आणा."

हा 'फक्त' शब्द ज्याने शोधला त्याला आस्थापना विभागात नेऊन बसवायला पाहिजे.

आस्थापना विभागात जे गृहस्थ बसतात त्यांना सगळा डेपो नियमभाऊ म्हणतो. त्यांच्या तोंडावरही म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी नमुना सात काढला आणि माझ्यासमोर सरकवला. त्यावर दोन चौकोन होते. एक, 'कामास योग्य'. दोन, 'कामास अयोग्य'.

"योग्य असाल तर माइकवर बसा," नियमभाऊ म्हणाले, "अयोग्य असाल तर घरी बसा."

"मी मधला आहे," मी म्हणालो.

"मधला चौकोन नाही."

"पण साहेब म्हणाले, हलकं काम..."

"हलकं काम आजारोत्तर काळात मिळतं. आजारोत्तर काळ कशाकशाला लागू आहे ते नियमात दिलंय." त्यांनी एक जाडजूड पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, "अस्थिभंग, शस्त्रक्रिया, सर्पदंश." मग पुस्तक मिटून त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या सहानुभूतीने पाहिलं. "तुम्हाला साप चावला असता तर आत्ता सही करून दिली असती."

त्यांचं म्हणणं असं, की माझा ताप पाच दिवसांत गेल्याचं सर्टिफिकेट मीच जोडलेलं आहे. म्हणजे मी सरकारी पातळीवर बरा झालेलो आहे. बऱ्या माणसाला खोकला येत असेल, तर तो त्याचा खासगी प्रश्न. फारच असेल तर डॉक्टरांकडून लिहून आणा, की बाकीचे सगळे पाच दिवसांत बरे होतात, मग याच माणसाला का लागलं. "कारणासहित," ते म्हणाले. "कारणाशिवाय फाइल पुढे जात नाही."

याच माणसाला का. हा प्रश्न तोपर्यंत मी स्वतःला विचारला नव्हता, पण आमच्या बिल्डिंगने तो केव्हाच विचारून उत्तरही काढून ठेवलं होतं.

उत्तर चौथ्या मजल्यावर राहत होतं. तिथे पीटीचे सर असतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी अजून निवृत्त झालेली नाही. ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "तुमच्या घरात तिघं आजारी पडले. दोघी खडखडीत. तुम्हीच का असे? बसून काम! बावीस वर्षं एका खुर्चीत! शरीर गंजतं हो. उद्या सकाळी मैदानावर या."

"सर, मला दोन जिने चढलो तरी..."

"वहिनींकडे बघा! रोज ऑफिसातून येतात, दुसऱ्या मजल्यावर नोटीस बोर्ड वाचत उभ्या राहतात. उत्साह बघा! आजारातून उठलेल्या बाईला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची काळजी!"

मला ते लागलं. बायको पोस्टात काम करते, पार्सल वेगळी करायच्या विभागात, दिवसभर उभ्याने. ती परत येऊन नोटीस बोर्ड वाचते आणि मी पलंगावर पडून छत वाचतो, ही तुलना कुठल्याही नवऱ्याला झोंबेल. मी गेलो मैदानावर.

पहिली फेरी मी चांगली मारली. दुसऱ्या फेरीत काठी घेऊन चालणाऱ्या एक आजी माझ्या पुढे गेल्या. त्यांनी जाता जाता "हळूहळू, बाळा" म्हटलं, त्यामुळे मी वेग वाढवला. माझं वय त्रेपन्न आहे. तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला सरांनी शिट्टी वाजवली आणि मला एवढंच आठवतंय, की शिट्टी फार लांबून आली आणि गवत फार जवळ आलं.

घरी मला पाण्याचे जार पोचवणाऱ्या तीनचाकी गाडीतून आणलं. चौदा जार आणि मी. गाडीवाला प्रत्येक इमारतीपाशी थांबून एकेक जार उतरवत होता, आणि दर वेळी लोक जार घ्यायला बाहेर येऊन मला बघत होते. आमच्या दाराशी पोहोचलो तेव्हा सासूबाई गॅलरीत होत्या. त्यांनी वरून विचारलं, "आज एकच जार मागवला होता ना?"

त्यानंतर तीन दिवस मी उठून बसलो नाही. उशाशी पाणी ठेवून बायको कामावर गेली. सर दोनदा येऊन दारातूनच "ही शरीराची प्रतिक्रिया आहे, चांगलं लक्षण आहे" असं सांगून गेले. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी दार उघडलंच नाही. त्यांना बेल ऐकू आली नाही असं त्यांचं म्हणणं. बेल ऐकू न येणं त्यांना कधी कधी फार सोयीचं जमतं.

चौथ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, "फुप्फुसं ठीक आहेत. हे तापानंतर राहिलेलं दुखणं आहे. बऱ्याच जणांना राहतं. पळायला कुणी सांगितलं?"

"पीटीच्या सरांनी."

"त्यांना सांगा, डॉक्टरांनी शिट्टी मागितलीय." मग त्या गंभीर झाल्या. "दमल्यावर थांबायचं नाही. दमायच्या आधी थांबायचं. या दुखण्यात जोर लावला की ते उलटतं."

मी नियमभाऊंचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. याच माणसाला का, कारणासहित. त्या हसल्या. "नक्की कुणालाच माहीत नाही. पण कुणाला जास्त धोका असतो याचे काही अंदाज आहेत. आम्ही इथे एक पाहणी करतोय. हा फॉर्म भरून आणा, म्हणजे मला सविस्तर लिहून देता येईल. आणि हा दुसरा, घरातल्या अशा व्यक्तीसाठी, जिला तेव्हाच ताप आला होता आणि जी पूर्ण बरी झालीय. तुलनेसाठी. वय साधारण तुमच्याएवढं हवं."

ही शेवटची अट ऐकून सासूबाई हिरमुसल्या. पूर्ण बरं होण्यात त्या घरात पहिल्या आल्या होत्या आणि फॉर्म मात्र मुलीला मिळत होता.

रविवारी सकाळी मी दोन्ही फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरले. चाळीस प्रश्न. मी आधी माझा घेतला. मला खात्री होती, की सगळीकडे 'नाही' येणार आणि विज्ञानाला माझ्यापुढे हात टेकावे लागणार.

"धूम्रपान?" मी वाचलं. "नाही."

"गच्चीवर?" भाजी निवडता निवडता बायको म्हणाली.

"ते... ती सवय नाही. ते प्रसंगानुसार आहे."

"मग लिहा, रोज संध्याकाळी एक प्रसंग."

मी लिहिलं. "झोप? पुरेशी."

"पहाटे चारला उठून गाड्यांचं वेळापत्रक पाठ म्हणता. झोपेत."

"वजन?"

यावर तिने नुसतं पाहिलं. मी खरा आकडा लिहिला. त्याच्यापुढे छापलेलं 'स्थूल' हे विशेषण मला अजूनही मान्य नाही, आमच्या घराण्यात हाडंच मोठी आहेत.

"तापात किती दिवस विश्रांती घेतली?"

"पाच दिवस झोपून होतात," ती म्हणाली. "पण फोनवरून बदली माणसाला उच्चार शिकवत होतात. अर्धा-अर्धा तास."

एकूण चाळीसपैकी सतरा ठिकाणी 'होय' आलं. मी जरा खचलो आणि जरा सुखावलोही. शेवटी कारण सापडलं होतं, तेही सतरा प्रतींत. त्या आनंदात मी दुसरा फॉर्म पुढे ओढला. तिचं नाव, वय लिहिलं आणि मग वेळ वाचवावा म्हणून सरळ वरून खाली 'नाही, नाही, नाही' करत गेलो. थकवा, नाही. दम लागणे, नाही. वास न येणे, नाही. विसरणे, नाही. तिने भाजीवरून मान वर केली, फॉर्मकडे एकदा पाहिलं आणि परत खाली घातली.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"तुम्ही भरलंय म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली.

लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळायला हवा. मी शाई वाळावी म्हणून फॉर्मवर फुंकर मारत होतो.

सोमवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. तुलनेसाठी. डॉक्टरीणबाईंनी माझे सतरा 'होय' पाहून मान डोलावली. मग तिचा फॉर्म पाहिला. चाळीस 'नाही', सगळे एकाच तिरक्या अक्षरात. त्यांनी तो उलटा करून बाजूला ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"मी तोंडी विचारते हं. वास येतो?"

मी म्हणालो, "येतो की..."

"तुम्ही नाही."

"नाही येत," बायको म्हणाली. "तापापासून. दूध करपलं तरी कळत नाही. म्हणून गॅससमोर उभी राहते."

"जिने चढताना?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबते. दोन-चार मिनिटं. तिथे बोर्ड आहे, तो वाचतेय असं दाखवते. कुणी विचारत नाही मग."

"विसरायला होतं?"

"पिनकोड." तिचा आवाज जरा हलला. "सगळे पाठ होते मला. आता पार्सल हातात घेते आणि कुठल्या खणात टाकायचं ते... म्हणून चिठ्ठ्या लावल्यात खणांना. घरी डब्यांनाही लावल्यात."

डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या होत्या. घर किती नीटनेटकं होत चाललंय, असं वाटून मी त्याबद्दल तिचं एकदा कौतुकही केलं होतं.

"लहानपणी दमा होता?"

"होता. मोठेपणी गेला."

"तापात विश्रांती किती घेतलीत?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आई आजारी होती, हे आजारी होते. दुसऱ्या दिवशी उठले."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"यांचं चाललं होतं ना," ती म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली. एका घरात एका वेळी एकाचंच दुखणं चालू शकतं, असा काही नियम असावा आणि मी आधी नंबर लावलेला असावा, तशी.

मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सहा मिनिटं चालायला लावलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, या टोकाच्या खुर्चीपासून त्या टोकाच्या खुर्चीपर्यंत, परत, परत. सहा मिनिटांत कोण किती अंतर कापतं ते मोजतात. मी तीनशे ऐंशी मीटर चाललो. ती तीनशे दहा. चौथ्या मिनिटाला तिने भिंतीला हात लावला. सव्वीस वर्षं मी तिच्या मागून चालत आलो आहे. बाजारात, लग्नांत, दवाखान्यांत, ती चार पावलं पुढे आणि मी "अगं थांब" म्हणत मागे. त्या व्हरांड्यात मी तिच्या पुढे निघालो आणि कुठल्याही शर्यतीत पुढे निघाल्याचं मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. मध्यम वयात जास्त. दमा असला तर जास्त, पहिल्या आठवड्यात त्रास जास्त झाला असेल तर जास्त, आणि मुळीच विश्रांती मिळाली नसेल तर आणखी बिघडतं. "तुमच्या यजमानांपेक्षा तुमच्याकडे लक्ष द्यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य चालू असताना भिंतीवर डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता होता, तो मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आणि तुलनेचं काय?" मी शेवटी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"तुलनेसाठी तुम्ही दोघंही उपयोगाचे नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना पाठवा. वयाचं मी बघते."

सासूबाई दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेलं लुगडं नेसून गेल्या आणि सहा मिनिटांत चारशे मीटर चालून आल्या. ते त्या अजून सांगतात. पण परत आल्यावर त्या पहिल्यांदा आपल्या मुलीजवळ गेल्या, तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, ते ठीक आहे. दिसत का नाही गं मला?" मलाही त्यांच्या बाजूला उभं राहून तेच विचारायचं होतं.

सर्टिफिकेट घेऊन मी नियमभाऊंकडे गेलो. त्यांनी ते वाचलं, सतरा कारणांवर सतरा वेळा बरोबरची खूण केली आणि पुस्तक काढलं. "अस्थिभंग, शस्त्रक्रिया, सर्पदंश," त्यांनी परत वाचलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही गेल्यापासून मला झोप नाही. हे बघा." सर्पदंशाच्या पुढे एक बारीक अक्षर होतं. 'इ.'

"इत्यादी!" मी म्हणालो.

"हळू. हा इत्यादी आजवर कुणी वापरलेला नाही. एकदा वापरला की लोकांना कळेल." त्यांनी आजूबाजूला पाहून अर्ध्या दिवसाच्या हलक्या कामावर सही केली. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जे प्रेम वाटलं ते मी त्यांना सांगितलं असतं, पण खोकला आला.

मात्र खरी लढाई पोस्टात होती, आणि तिथे ती मला येऊ देत नव्हती. "माझं मी बघेन," ती म्हणाली. मी म्हटलं, "बघितलंस ना, आठ आठवडे." त्यावर तिने पिशवी माझ्या हातात दिली. हा होकार असतो.

पोस्टमास्तर मोठा भला आणि मोठा घाबरट माणूस. त्यांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचा चेहरा पाहूनच कळतंय. बसा, बसा. किती दिवस झाले?"

"मला नाही हो," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "हिला."

"यांना? पण या तर रोज येतात!"

"तेच तर झालंय."

ते म्हणाले, पार्सलचं काम उभ्यानेच करायचं असतं, तशी पद्धत आहे, खण उंचावर आहेत. मी म्हणालो, उंच स्टूल द्या. ते म्हणाले, स्टूल यादीत नाही. मी म्हणालो, यादीच्या शेवटी बघा, 'इ.' असेल. इथे मला माझा जुना आवाज फार हवा होता, तो टेबलावर हात न आपटता टेबल हलवायचा. त्याऐवजी घशातून फुटक्या पेटीसारखं काहीतरी येत होतं. पार्सलच्या विभागातल्या बाया काम थांबवून ऐकत होत्या. शेवटी त्यातल्या एकीने आतून एक उंच स्टूल आणून बायकोच्या खणापुढे ठेवलं आणि पोस्टमास्तरांना म्हणाली, "साहेब, हे इथेच होतं. तुम्ही झेरॉक्सचे कागद ठेवता त्यावर."

पोस्टमास्तर म्हणाले, "हो का? मग बसा की." इतकं सोपं होतं ते. बायको स्टुलावर बसली. पाय टेकले नाहीत, तरी बसली. अर्धा दिवस काम आणि दुपारी घरी, असं एक महिना चालावं, हेही त्यांनी लिहून दिलं. घरी येताना वाटेत ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा मी आधीच थांबलेलो होतो. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, दमायच्या आधी.

आता आम्ही दोघंही दुपारी सक्तीने आडवे होतो. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कुणालाही आत सोडत नाहीत. पहिल्या दिवशी बायको छताकडे बघत म्हणाली, "दुपारी झोपायचं म्हणजे कसंतरीच वाटतं."

"मग बोल," मी म्हटलं. "काय काय होतंय ते सगळं सांग. एकेक."

"मोठी यादी आहे."

"माझी छत्र्यांशिवाय कुणी वाट बघत नाहीये."

ती सांगायला लागली. पोटऱ्या दुखतात. सकाळी उठतानाच दमलेली असते. मोठा आवाज झाला की छाती धडधडते. एकदा घरी येताना आपलीच गल्ली ओळखीची वाटेना, तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसून रडली होती, आणि मग उठून माझ्या खोकल्याचं औषध घेऊन आली होती. मी मध्ये एकदाही माझं काही सांगितलं नाही. नवव्या मुद्द्याला फार मोह झाला, कारण कानात शिट्टी वाजणं मलाही होतं आणि माझी शिट्टी जास्त मोठी आहे असं मला वाटतं. पण मी जीभ चावून पडून राहिलो. अकराव्या मुद्द्याच्या मध्येच तिचे शब्द लांबत गेले आणि ती झोपली. तोंड थोडं उघडं, एक हात माझ्या बाहीवर. दिवसाउजेडी झोपलेली ती मी बाळंतपणानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि नेमका तेव्हा मला खोकला आला.

आला म्हणजे यायला निघाला. छातीतून वर, गळ्यापाशी, तिथून तो कसा पुढे जातो ते मला पाठ आहे. मी श्वास रोखला, बाही सोडवली, चपला हातात घेतल्या. दाराशी सासूबाईंनी "काय झालं?" म्हणून विचारलं, तर मी नुसतं आत बोट दाखवून ओठांवर ठेवलं, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना माझं न बोललेलं कळलं. मग मी जिना उतरलो. तिसरा मजला, दुसरा, पहिला. डोळ्यांतून पाणी, तोंडावर रुमाल. रस्त्यावर आलो, कोपऱ्यावरच्या भिंतीआड गेलो आणि मग खोकलो. मनसोक्त खोकलो. बावीस वर्षांत माइकवर इतक्या मोकळेपणाने मी कधी बोललो नव्हतो.

डोळे पुसून वर पाहतो तर समोर पीटीचे सर, फिरून येत होते. मला वाकलेला पाहून त्यांचा हात सवयीने शिट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"अहो, एवढा खोकला! मग खाली कशाला आलात तीन मजले?" ते म्हणाले. "परत चढायचंय ना?"

"चढेन हळूहळू," मी म्हणालो. "ती झोपलीय."